सिंगापूरला माझी चौकशी होते

सिंगापूरला एक बाई माझी रोज आठवण काढते, असं मी साताऱ्याच्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं आधी मला जेवलीस का म्हणून विचारलं. तिचा विश्वास बसत नाही याचा मला राग आला आणि रागाच्या भरात मी क्वालालंपूरही जोडून दिलं. क्वालालंपूरचं मात्र मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते ब्लॉगचे दिवस होते. लखनौत आम्ही सरोजिनी नगरकडच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. अमौसीला उतरणारी विमानं आमच्या पापडांवरून जायची. माझे मिस्टर एका संशोधन संस्थेत होते आणि आमच्या बरोबर खाली त्याच संस्थेतले एक तमिळ शास्त्रज्ञ आणि त्यांची बायको राहायची. गृहस्थ कमालीचे अबोल. जिन्यात समोर आले की ‘नमस्ते’ म्हणून भिंतीला चिकटून उभे राहायचे, जसं काही मी ट्रकच घेऊन उतरते आहे. हाच माणूस संध्याकाळी कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून तमिळमध्ये पानंच्या पानं लिहितो आणि लोक ती परदेशात बसून वाचतात, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. कादंबऱ्या, टीव्हीवरच्या मालिका, जुनी गाणी, शिवाय दुसऱ्या ब्लॉगवाल्यांनी काय लिहिलं आणि ते कसं चुकलं, असं सगळं त्यात असायचं. त्या लोकांत आहेराची पद्धत होती म्हणे. त्यानं आपल्याकडे कॉमेंट टाकली की आपण त्याच्याकडे टाकायची, नाहीतर तो रुसतो. हे ऐकून मला ब्लॉग ही गोष्ट एकदम कळली.

ती माझ्यापेक्षा बरीच लहान, मला दीदी म्हणायची. एका दुपारी ती वर आली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “दीदी, आपके बारे में लिखा है.” मी गॅस बंद करून तिच्या मागोमाग खाली गेले.

स्क्रीनवर तमिळ अक्षरं होती. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ती ओळीवर बोट ठेवून हिंदीत सांगत गेली. वरच्या मजल्यावर एक मराठी बाई राहतात. उजाडायच्या आत पेटी घेऊन नाट्यपदं म्हणतात. आवाज असा की विमानाचाही ऐकू येऊ नये. दुर्दैव एवढंच, की त्या वेळी आम्ही पामर झोपेत असतो आणि एवढी कला दूधवाल्याच्या वाट्याला जाते. खाली सिंगापूरच्या एका बाईंची कॉमेंट होती. हेच गाणं संध्याकाळी झालं तर सगळ्या कॉलनीला लाभ होईल, असं त्यांचं मत पडलं.

मला ते पटलं. माझ्या मिस्टरांनी हीच गोष्ट लग्न झाल्यापासून सांगितली होती, पण त्यांची सांगायची पद्धत चुकीची होती. दुसऱ्या दिवसापासून मी पेटी संध्याकाळी काढायला लागले.

मग मी वरचेवर ब्लॉगात येऊ लागले. मी गॅलरीतून चादरी झटकते त्याचंही एकदा आलं. मराठी बाईंचा हात एवढा जोरकस आहे की खाली वाळत घातलेली वेष्टी, म्हणजे त्यांचं धोतर, पुन्हा धुवावी लागते, अशा हाताचं वर्णन करायला शब्द अपुरे आहेत, वगैरे. जिन्यात पडलेला त्यांचा पेपर मी आधी वर नेऊन त्यातलं शब्दकोडं सोडवून परत ठेवायची, तेही आलं. मी इतका शिकलो, पण रोज सकाळी माझ्या वाट्याला भरलेले चौकोनच येतात, असं शास्त्रज्ञांनी कबूल केलं होतं. एवढ्या हुशार बाई स्वतःचा पेपर का लावत नाहीत, असं सिंगापूरच्या बाईंनी विचारलं. मी पेपर लावला. चादरी मागच्या बाजूला झटकायला लागले. मिस्टर एरवी माझ्या कुठल्याच भानगडीत पडत नसत, पण आता ते ऑफिसातून आल्या आल्या विचारत, ब्लॉगात आज नवीन काय आलं. तो ब्लॉग बंद पडता कामा नये, असं ते फार कळकळीनं म्हणायचे.

एकदा तिचं वाचन चालू असताना लाइट गेली. स्क्रीन काळी झाली, तरी तिनं आणखी दोन वाक्यं वाचली आणि मग थांबली. नवऱ्याचं लिखाण बायकोला पाठ असतं हे मला इतकं गोड वाटलं, की घरी येऊन मी मिस्टरांना त्यावरून दोन शब्द सुनावले.

प्रसिद्धी पचवायला पोट लागतं, ते मला नव्हतं. कचरा टाकायला जाताना मी इस्त्रीची साडी नेसायला लागले. शास्त्रज्ञांचा दरवाजा उघडा दिसला की मुद्दाम जिन्यात थांबून भाजीवाल्या भैयाशी म्हणींमध्ये बोलायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मी त्याला हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं न मागता कोथिंबीर दिली आणि हातगाडी घेऊन घाईघाईनं निघून गेला. मागच्या खेपेला साडी निळी लिहिली होती ती खरं म्हणजे हिरवी होती, असा निरोपही मी खाली धाडला. पुढच्या खेपेला हिरवी आली. लेखक असावा तर असा, असं मला वाटलं.

मग संक्रांत आली. मी तिळगुळाची वाटी घेऊन खाली गेले. ती गच्चीवर होती आणि दार शास्त्रज्ञांनी उघडलं. भिंत जवळ नसल्यामुळे त्यांना सरकता येईना. मी तिळगूळ दिला आणि मोठ्या मनानं म्हटलं, की तुम्ही माझ्याबद्दल इतकं चांगलं लिहिता, सिंगापूरच्या बाईंनाही माझा नमस्कार कळवा.

त्यांनी तिळगूळ या हातातून त्या हातात घेतला. मग त्या वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात लांब भाषण त्यांनी केलं. “मैं किताब पर लिखता हूँ. टीवी पर, संगीत पर. आदमी लोग पर नहीं लिखता.”

सिंगापूरला त्यांचं कुणी वाचत होतं असंही त्यांना वाटत नव्हतं.

मी जिना चढून गच्चीवर गेले. हातात गोड बोलण्याची वाटी आणि डोक्यात भलतंच. तिनं खोटं सांगितलं याचा राग होताच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं दुःख हे होतं की मी कुठेच नव्हते. माझी हिरवी साडी, माझा आवाज, माझ्या म्हणी, कुणीही काहीही लिहिलं नव्हतं आणि मी साताऱ्याला कळवून बसले होते.

ती उन्हात चटईवर मटार सोलत होती. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. मी विचारलं, “सिंगापुरवाली कौन है?”

“कोई नहीं, दीदी,” ती म्हणाली.

ती रडली वगैरे नाही. शेंगा फोडत फोडत सांगत राहिली. चादरींबद्दल तिनं आधी मला सरळ सांगून पाहिलं होतं म्हणे, तर मी म्हणाले होते की आमच्या घरातली धूळ आहे, स्वच्छच असते. मी असं म्हणाले असेन. मग तिला ही युक्ती सुचली, आणि एकदा सुरू केल्यावर तिला थांबवेना. रात्री स्वयंपाक करताना ती सिंगापूरच्या बाईंचं उत्तर ठरवायची. त्या बाईंना तिनं दोन सुना दिल्या होत्या, त्यातली एक वाईट होती. हे मला वाचून दाखवायचं राहिलं होतं.

माझा राग उतरला नव्हता. मी म्हटलं, एवढं सगळं लिहिणाऱ्या माणसाला वर राहणारी बाई एकदाही दिसू नये म्हणजे काय?

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. “उनके ब्लॉग में तो मैं भी नहीं हूँ, दीदी.”

तिनं सगळा ब्लॉग वाचला होता, अगदी पहिल्यापासून. रोज संध्याकाळी दोघं एकाच सोफ्यावर बसून मालिका बघायची, पण लिहिताना ते ‘मी पाहिली’ असं लिहायचे. पावसात कॉफी पीत राग ऐकण्यावर त्यांचा एक मोठा लेख होता. त्याला खूप कॉमेंट आल्या होत्या, आणि त्या लेखात कॉफी आपोआप आली होती. ती म्हणाली, मी दोनदा वाचला, म्हटलं कुठेतरी कप ठेवणारा हात तरी असेल.

मी चटईवर बसले, तिला तिळगूळ दिला आणि मटारांतला अर्धा ढीग माझ्याकडे ओढला. विमान डोक्यावरून गेलं.

मग मी विचारलं, ब्लॉगात पुढे काय झालं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करत नाही हे पटल्यावर तिनं मांडीवरची सालं झटकली आणि कॉम्प्युटरवर वाचायची त्याच आवाजात सुरुवात केली. “मराठी दीदी बहुत गुस्से में छत पर आईं. हरी साड़ी में.” तिनं खाली ठेवलेली शेंग उचलली. “वहाँ एक औरत मटर छील रही थी.”

“हरी साड़ी रहने दो,” मी म्हटलं. “उस औरत का बताओ.”