दाजींच्या गिटारीचा बेवड

संगीताचा शोध कुणी लावला मला ठाऊक नाही, पण संगीतात बेवड पाळला पाहिजे हा शोध आमच्या दाजींचा, आणि कळंब तालुक्यात तरी तो मान त्यांच्याकडून कुणी हिसकावून घेणार नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. सोयाबीन निघालं की हरभरा, आणि एका पिकावर पुन्हा तेच पीक कधीच नाही, कारण आदल्या पिकाचा बेवड, म्हणजे त्यानं जमिनीत मागं ठेवलेला कस, पुढच्याला मानवला पाहिजे, ही त्यांची शेती. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तिची कॉलेजातली गिटार माळ्यावर राहिली, आणि भाकरी थापताना ओव्या गुणगुणणारी अक्का त्या दिवसापासून गप्प झाली. तिला पुन्हा गायला लावायचं म्हणून दाजींनी गिटार खाली काढली. मोबाइलवर व्हिडिओ बघून जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड बसवले आणि शिक्षण पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. चौथ्या एफला एकाच बोटानं सगळ्या तारा दाबाव्या लागतात. त्यावर थोडे दिवस बोटं सोलून घेऊन ते म्हणाले, "ते पीक आपल्या रानात येत न्हाय."

उरलेल्या तिघांवर मात्र त्यांनी विद्यापीठाला लाजवतील असे प्रयोग केले. जीवर सी घेतला की डी जोमदार येतो, डीवर पुन्हा डी घेतला तर गिटार दमते, असे निष्कर्ष ते चहाच्या टपरीवर इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणारे खताचा डोस विचारत. मी एकदा भीत भीत म्हणालो, "दाजी, गाण्याला जे लागतं तेच वाजवावं ना?" तर म्हणाले, "पाव्हणं, रानाला इचारून पेरत्यात व्हय? आपुन पेरायचं, त्यानं उगवायचं." गणपतीत पोरांनी त्यांना कौतुकानं आरतीला बसवलं. दर ओळीला दाजी बेवड बदलत गेले, टाळवाले जुन्याच सुरात राहिले, आणि दोन्ही बाजूंनी माघार न घेतल्यामुळे कापूर दोनदा लावावा लागला. पुढच्या वर्षी मंडळानं त्यांना सन्मानानं प्रसाद वाटायला दिला.

अक्का तर त्यांनी तारेला हात लावला की मिक्सर लावायची. "शेंगदाण्याचं कूट करायचंय," म्हणायची. त्या घरात इतकं कूट झालं की आम्हा सगळ्या नातेवाइकांना डबे भरभरून आलं. पण दाजी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत राहिले.

यंदा थंडीत मी गेलो होतो तेव्हा वीज नव्हती, म्हणजे मिक्सरही नव्हता. अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. दाजी जी वाजवत, पुढं काय पेरावं या विचारात अडकले होते, म्हणून जीच चालू राहिला. आणि त्यावर अक्काचा आवाज आला, आधी थापण्याच्या ठेक्यात, मग जरा मोकळा. दाजींचं बोट सवयीनं सीकडे उचललं गेलं आणि हवेतच थांबलं. मग ते हळूच परत जीवर आलं.

बराच वेळ तोच एक कॉर्ड ऐकून मी वात्रटपणे कुजबुजलो, "दाजी, बेवड बदला की."

"गप बसा पाव्हणं," ते अक्कावरची नजर न काढता म्हणाले. "लई दिसानं उगवलंय. त्यात आता नांगर घालू व्हय?"

ओवी सासरी गेलेल्या लेकीपाशी आली तिथं अक्काचा आवाज कापला, पण ती थांबली नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास तिघांनाही आला होता, पण ओवी संपेपर्यंत भाकरीला कुणीच हात लावला नाही.