आमच्या ह्यांचं थांबणारं पान

आमचे हे लिफ्ट मेकॅनिक. उभं आयुष्य दुसऱ्यांना वर-खाली करण्यात गेलं, आणि आम्ही स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुठल्याही इमारतीत पाहुणे म्हणून गेलो की हे आधी लिफ्टच्या दाराला कान लावतात. "पट्टा घासतोय," असं पुटपुटतात, मग यजमानांकडे बघून हसतात. यजमान बिचारे आपलं काही चुकलं का म्हणून चपला नीट लावायला लागतात.

स्वभावाने मात्र देवमाणूस. चिडणं ठाऊक नाही. त्यांच्या वाटचंही मीच चिडून घेते, त्यामुळे घरात समतोल आहे.

लिफ्टच्या कामात कौतुक नसतं. लिफ्ट चालते तोवर मेकॅनिक कुणाला आठवत नाही, आणि बंद पडली की त्याच्या सात पिढ्या आठवतात. ह्यांच्याबद्दल तक्रार यायची ती एकच, ह्यांच्या हाताखालून गेलेल्या लिफ्टची दारं सावकाश मिटतात. उमेदवारीच्या काळात एका बाईंची बोटं दारात सापडलेली ह्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तेव्हापासून लिफ्टचं दार बसवताना हे त्याला जरा जास्तच दम खायला लावायचे. कचेऱ्यांतली घाईची माणसं आत उभ्या उभ्या बटण बडवायची. हे म्हणायचे, "बडवू देत. दहा वेळा दाबलं तरी लिफ्ट ते एकदाच धरते."

मग गुडघा गेला. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिडीने चढणं बंद झालं. कंपनीच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तुम्हाला घरी बसवणार नाही. शिकून घ्या, ऑफिसात टेबल देतो. फीची काळजी करू नका. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किंवा वेब डेव्हलपमेंट, दोन्हींचा एकेक दिवस नमुन्याचा वर्ग आहे, बसून बघा आणि शनिवारी मला एक सांगा. पण एकच. मागाहून बदलून मिळणार नाही." वर हळूच म्हणाले, "माझं विचाराल तर सॉफ्टवेअर घ्या."

हे घरी आले ते वरात निघाल्यासारखे. पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेत जायचं म्हणून लेकीची जुनी सॅक झटकत बसला. पुढची सगळी नोकरी त्या एका उत्तरावर होती हे मला कळत होतं, त्यांनाही. पण भीतीपेक्षा हौस मोठी होती.

"पण या दोन्हींत फरक काय गं?" मी लेकीला विचारलं. ती कॉलेजात आहे, तिला सगळं येतं असं तिचं मत.

"तसं बघितलं तर वेबसुद्धा सॉफ्टवेअरच," ती म्हणाली. "पण वेब म्हणजे लोक फोनवर उघडतात, वाचतात, बटणं दाबतात ती पानं. आणि बाबांचे साहेब म्हणतात ते सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राच्या आत चालणारे प्रोग्राम. लिफ्टने आधी कुठल्या मजल्यावर जायचं, हे ठरवणारे."

"मग झालं तर," मी म्हटलं. "ह्यांचा जन्म लिफ्टच्या पोटात गेला. सॉफ्टवेअरच घ्या. उगाच एक ना धड भाराभर चिंध्या नकोत."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं ऐकू नकोस रे. बसून बघ आणि मग ठरव."

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. डोकं लख्ख, जीभ त्याहून लख्ख. पण अलीकडे हात थरथरतात. कपात चहा अर्धाच ओतायचा, हे आम्ही न बोलता शिकलो. फोन त्यांना आवडत नाही, असं त्याच सांगायच्या. "अरे, जरा दाबून दे ना," एवढं म्हणायलासुद्धा त्यांना जड जातं. मागणं त्यांच्या रक्तातच नाही. माझं स्वतःचं दोन खुर्च्यांचं पार्लर खालच्याच गल्लीत आहे, पण केस कापायला त्या कधी आल्या नाहीत. सुनेला सांगायचं म्हणजे उपकार घ्यायचे, म्हणून वर्षानुवर्षं कशीबशी गाठ मारून बसायच्या.

सॉफ्टवेअरचा वर्ग झाला त्या दिवशी हे जिना न थांबता चढून आले, गुडघ्यासकट. तिथल्या सरांनी एक कोडं घातलं होतं: एक लिफ्ट, वेगवेगळ्या मजल्यांवर माणसं उभी, कुणाला आधी न्यायचं? बाकीची पोरं डोकं खाजवत बसली आणि ह्यांनी पायऱ्या पायऱ्यांनी सांगून टाकलं. सरांनी पाठीवर थाप मारली. "अगं, माहेरी गेल्यासारखं वाटलं मला," हे म्हणाले. ह्यांना माहेर कुठून आलं ते मी विचारलं नाही. लेकीच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर आकडे पळताना दाखवले. आम्ही तिघींनी "हं, छान" म्हटलं. काय छान ते देव जाणे.

वेबच्या वर्गात मॅडम होत्या, लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सांगितलं, ओळखीच्या कुणासाठी तरी एक पान बनवा. ह्यांनी माझ्या पार्लरचं बनवलं, नंबर लावायचं. आणि लिफ्टवाल्याने लिफ्टच बनवली की हो! उघडलं की दोन दारं दोन बाजूंना सरकतात. आत मोठाली गोल बटणं, केस कापायचेत, धुवायचेत, रंगवायचेत. दाबलं की बटण उजळतं. आणि मग दार मिटायच्या आधी पान थांबून राहतं. बराच वेळ थांबतं. शेजारी एक बटण, "दार पुन्हा उघडा."

"काका, हे इतकं का थांबतंय?" मॅडमनी विचारलं.

"बोटं सापडतील ना कुणाची," हे म्हणून गेले.

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "काका, फोनच्या पानात कुणाची बोटं सापडत नाहीत हो," म्हणाल्या, पण पान मात्र दोनदा उघडून बघितलं.

ह्यांनी हे घरी स्वतःच नक्कल करून सांगितलं. लेक जमिनीवर लोळायची बाकी होती. मीही काही कमी नाही, म्हटलं, "अहो, तुमचं दार मिटेपर्यंत माझ्या गिऱ्हाइकाचे कापलेले केस पुन्हा वाढतील!" हे सगळ्यांत मोठ्याने हसले. पान घरच्या चौघांच्या ग्रुपवर टाकलं, आठवण म्हणून. आणि म्हणाले, "ठरलं. शनिवारी सॉफ्टवेअर सांगतो. तिथे निदान मला कुणी हसत नाही." हे वाक्य ते हसतच बोलले, पण मला ते आवडलं नाही. चेष्टा जरा जास्तच झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी एका बाईंचे केस धूत होते तेवढ्यात फोन वाजला. त्या पानावरून नंबर लागला होता. काम: केस कापणे. नाव: सासू.

मला वाटलं, कार्टीचा चावटपणा. संध्याकाळी बघते तिच्याकडे, असं म्हणत मी काम उरकलं. तर दारात सासूबाई हजर. इस्त्रीची साडी, पायात बाहेरच्या चपला, आणि चेहऱ्यावर गिऱ्हाइकाचा रुबाब.

"माझा नंबर आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या खुर्चीत बसू?"

"आई, फोनवर कुणी लावून दिला?"

"लावून कशाला देईल कुणी? मला हात नाहीत?"

खुर्चीत बसल्यावर त्यांनी करून दाखवलं. बोट थरथरत पडद्यावर आलं, बटणावर दोनदा-तीनदा आपटलं. पानाने ते एकदाच धरलं. बटण उजळलं. पान थांबलं. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं, सावकाश पुढचं बटण शोधलं. पान तिथेच उभं होतं, दार धरून उभ्या राहिलेल्या भल्या माणसासारखं.

"बाकीची पानं पळतात गं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांचं तर असं पळतं! एक दाबावं तर दोन होतात. पुन्हा जावं तर म्हणतं वेळ संपली. कितीदा संपली असेल. शेवटी मी सांगून टाकलं तुम्हाला, मला फोन आवडत नाही."

माझ्या हातातली कात्री थांबली. इतके दिवस आम्ही तिघं समजत होतो की म्हातारी हट्टी आहे. मला रडू आलं, आणि रडताना केस कापायचे नसतात म्हणून मी आधी नाक पुसलं. मग असे कापले, असे कापले, की आरशात बघून त्या लाजल्या. निघताना म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणून यायला बरं वाटतं. कुणाचे पाय धरायला नकोत."

संध्याकाळी ह्यांनी आईचे केस बघितले आणि दारातच उभे राहिले. मी घडलं ते सांगितलं. ह्यांनी आईच्या हातात फोन दिला. "पुन्हा कर बघू." त्यांनी केलं. हे जमिनीवर बसून आईच्या बोटाकडे बघत होते. लिफ्टच्या दाराला कान लावतात ना, अगदी तोच चेहरा. मग म्हणाले, "आता डॉक्टरांचं उघड." ते पान उघडलं, पळालं, दोनदा दाबलं गेलं, वेळ संपली. ह्यांनी पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा तेच.

"सापडतात की गं बोटं," हे मला म्हणाले.

शनिवारी साहेबांना त्यांनी वेब सांगितलं. साहेब चाटच पडले. "अहो, सॉफ्टवेअरच्या सरांनी तुमची इतकी तारीफ केली. लिफ्टचा मेंदू हातात येत होता तुमच्या, आणि तुम्ही पानं बनवणार?"

"साहेब, लिफ्टचा मेंदू बघायला पुष्कळ हुशार माणसं आहेत," हे म्हणाले. "माझ्या थांबणाऱ्या पानावरून आईने पार्लरचा नंबर स्वतः लावला. तिला डॉक्टरांचाही स्वतः लावायचाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, "तुमचं ते पान माझ्या वडिलांच्या फोनवर उघडेल का?"

हे सगळं त्यांनी घरी येऊन चपला काढायच्या आधीच मला सांगितलं. ऐकावे जनाचे करावे मनाचे म्हणतात, पण या माणसाने साहेबांपुढे पहिल्यांदाच मनाचं केलं होतं, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की सगळ्या जिन्याला ओरडून सांगावं. लेकीने तर बाबांना उचलायचाच प्रयत्न केला. तो फसला.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, आखूड केसांत, दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. हे त्यांच्याजवळ जाऊन टेकले. "आई, वेब घेतलं. डॉक्टरांकडे जाऊन आधी त्यांचं पान नव्याने बनवायला मागतो. पण मला अजून काहीच येत नाही गं. शिकायला वर्ष तरी जाईल."

त्यांनी थरथरता हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "सावकाश शीक. मी थांबते."