माळ्यावरचे गिअर ऑइलचे डबे

ती घटना आठवली की आजही रविवारची दुपार मला खायला उठते.

मी झाशीकडचा मराठी माणूस. वडील रेल्वेत होते, मी उत्तर प्रदेश पोलिसांत भरती झालो. बायको गेल्यावर बदली मागून लखनौला आलो, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत एक सातारकर जोडपं राहायचं. गृहस्थ एका कंपनीच्या मोटार वर्कशॉपचे इन्चार्ज. रविवारी माझं पान त्यांच्याकडे ठरलेलं. आठवडाभर ठाण्यात हिंदीत डाफरून जीव विटलेला असायचा. वहिनींच्या घरी पिठलं-भाकरी आणि मराठी, दोन्ही पोटभर मिळायचं.

त्या उन्हाळ्यात त्याच कंपनीची गाडी मलिहाबादच्या रस्त्यावर उलटली. आतला क्लार्क जागीच गेला, ड्रायव्हरचा पाय मोडला. गाडी भरधाव होती असं कंपनीने लिहून दिलं आणि आम्ही ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला. इस्पितळात तो एवढंच म्हणत राहिला, "साहब, पिछले पहिये अपने आप जाम हो गए. मैंने ब्रेक छुआ तक नहीं."

असं प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. मी जबाब घेतला आणि निघालो.

चारेक दिवसांनी माझा एक जुना मुखबिर, म्हणजे खबऱ्या, ठाण्यात येऊन बसला. "हुज़ूर, उस वर्कशॉप में गियर ऑइल के डिब्बे सीलबंद आते हैं, और सीलबंद ही बाज़ार चले जाते हैं."

मी ठाण्याच्या आवारात ठेवलेल्या त्या मोडक्या गाडीखाली शिरलो. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दात्यांच्या पेटीचं, ऑइल नुकतंच बदलल्याचं बिल कंपनीत लागलं होतं. पण ते काढायचा नट वाळक्या चिखलाच्या थराखाली गाडलेला होता. कित्येक वर्षांत त्याला पाना लागलेला नव्हता. आत ऑइल नव्हतं, नुसता काळा चिकटा होता. दाते कोरडे पडून अडकले आणि चाकं जाम झाली. ड्रायव्हर खरं बोलत होता. आणि त्या बिलावर सही वहिनींच्या नवऱ्याची होती.

केस दुसऱ्याकडे द्यावी, असं मनात आलं. पण आमचे दुसरे दरोगा, म्हणजे फौजदार, आधी हात चालवायचे आणि मग प्रश्न विचारायचे. त्यांच्या हाती माझ्या माणसाला द्यायला मन धजेना.

मी स्वतःच इन्चार्जना समोर घेऊन चौकशीला बसलो. हिंदीत विचारलं तेव्हा ते ताठ होते. बिलं बरोबर आहेत, पोरांनी काम केलं नसेल तर मला काय माहीत, असं घडाघडा बोलत होते. मग मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि मराठीत विचारलं, "काय करून बसलात हे?"

ते एकदम ढासळले. "दादा, इंजिन ऑइल नाही टाकलं तर गाडी लगेच बोंबलते. गिअर ऑइलकडे कोण बघतंय? एकेका गाडीचं एवढं महाग ऑइल, वर्षाला दोनदा. इंदिरा नगरात प्लॉट घेतलाय, त्याचे हप्ते भागत होते. माणूस मरेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नाही हो."

"उरलेले डबे कुठे आहेत?"

"घरी. माळ्यावर." मग म्हणाले, "तुम्ही सांभाळून घ्याल ना?"

मी हवालदाराला आत बोलावलं. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. आरोपीने सांगितल्यावर माल हाती लागला, तर तेवढा भाग टिकतो. मी दोन पंच घेतले आणि इन्चार्जना घेऊन त्यांच्याच घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. मागे उभे असलेले नवरा आणि शिपाई त्यांना आधी दिसलेच नाहीत. "भाऊजी, आज मधल्या वारी कसे? पोळ्या टाकू का?"

मी म्हणालो, "वहिनी, जरा बाजूला व्हा."

रव्या-बेसनाच्या डब्यांमागे गिअर ऑइलचे सीलबंद डबे निघाले. पंचनामा होईपर्यंत वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. निघताना मला म्हणाल्या, "साहेब, त्यांना रात्री दम लागतो. पाठीशी उशी द्यायला सांगा." त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

ड्रायव्हर सुटला, इन्चार्जना शिक्षा झाली. हीच केस पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन. एका निर्दोष माणसाला तुरुंगात जाऊ देऊन मला ते पिठलं गोड लागलं नसतं. पण कर्तव्य केल्याचं समाधान माणसासोबत जेवायला बसत नाही, हे मला त्या केसने शिकवलं. पुढची कित्येक वर्षं मी लखनौत काढली. मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. स्टोव्हवर खिचडी शिजत असताना मी एकटाच मोठ्याने मराठीत बोलायचो.

तो ड्रायव्हर मलिहाबादचाच. दर मोसमात लंगडत यायचा आणि दशहरी आंब्यांची पेटी ठेवून जायचा. एकट्या माणसाला ती संपत नसे, मग मी ठाण्यात वाटून टाकी. एका वर्षी धीर करून पेटी जशीच्या तशी महानगरला वहिनींकडे पाठवली.

संध्याकाळी शिपाई ती परत घेऊन आला. तिची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.