तात्यांनी गाडी मोडली नव्हती

या, असे लांब उभे राहू नका, जवळ सरकून बसा. पेपर आला की तुम्ही आधी कापसाचा भाव बघता, मग जाहिराती, आणि गेलेल्या माणसाचं कुणी काही लिहिलं असेल तर ते पान भजी बांधायला ठेवता. ठाऊक आहे मला, मीही तेच करते. आज मात्र एवढं शेवटपर्यंत वाचा. विशेषकरून आमच्या घरातली लेकरं, पुतणे, भाचरं, जिथं असाल तिथं. कारण तुम्हांला मी एक गोष्ट खोटी सांगितली आहे, आणि पंधरा वर्षं सांगत आले आहे. माझं शिक्षण पोरांच्या पाटीवरचं, लिहिण्यात चुका होतील. पण यात आता खोटं घालणार नाही.

पाच आठवडे झाले. सकाळी मी नव्या पेठेतल्या घरी डाळ पाखडत बसले होते. गिरणीकडचा एक टांगेवाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजीबाई, तात्या गेले. पहाटं. झोपेतच." सूप हातात तसंच राहिलं... तात्या म्हणजे माझे धाकटे दीर. तेवढ्यात माझी नात आतून पळत आली नि म्हणाली, "कोण गं आजी? गाडी मोडलेले तात्या?"

पोरीचा काय दोष? तिनं त्यांच्याविषयी घरात तेवढंच ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

तात्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला गेले ते बैल हाकणारे म्हणून, आणि परत आले ते मोटार हाकायला शिकून. त्या सुमारास इथल्या एका शेंगांच्या व्यापाऱ्यानं लष्करानं काढून टाकलेली लॉरी विकत घेतली होती. दिसायला कुरूप, आवाज असा की टांग्याची घोडी बिथरायची. पण तिच्यात एक नवल होतं. बाकीच्या मोटारींना मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती वळतात. हिच्यात हाकणाऱ्याच्या डाव्या हाताशी एक आखूड दांडा होता. तो पुढं सारला की पुढची चाकंही ओढू लागायची. चिखलातून अशी चिकटून वर चढायची की लोकांनी तिला घोरपड नाव ठेवलं. आणि घोरपडीला हाकणारा सोलापुरात एकच माणूस, तात्या.

तो दांडा कधी टाकायचा, यात त्यांची सारी विद्या होती. आपली काळी जमीन तुम्हांला ठाऊक आहे. चार थेंब पडले की चाकाला गोळाच होतो. सीना नदीच्या उताराशी आले की तात्या कोरड्यात गाडी थांबवायचे, खाली उतरून टाचेनं माती दाबून बघायचे, मगच दांडा टाकायचे. मला म्हणायचे, "वहिनी, रुतल्यावर आठवण होऊन काय उपेग? शिरायच्या आदी टाकायचा. आन् टाकला म्हणून पळवायची न्हाय. उतारावर तर मुळीच न्हाय. चारी चाकं ओढत्यात, पण थांबायला ती लवकर थांबत न्हाईत." आणि पलीकडं खडी लागली की पहिलं काम दांडा काढायचं.

"कोरड्यात राहू दिला तर काय होतं हो?" मी एकदा विचारलं होतं.

"फेर धरून नाचताना बाहेरच्या पोरीला लांब पाऊल टाकावं लागतं का न्हाय? वळणावर पुडच्या चाकांचं तसं हाय. चिखलात ती जरा घसरून घेत्यात. खडीवर घसरायला मिळत न्हाय, मग आतलं लोखंड पिळतं. घोरपडीची नखं तुटत्यात, वहिनी."

मला हे माहीत होतं. मला सांगितलेलं होतं... हे ध्यानात ठेवा.

माझ्या थोरलीला बघायला अक्कलकोटची मंडळी आली होती. स्थळ चांगलं, पण होकार अजून आला नव्हता. परतीच्या दिवशी तात्यांना घोरपड घेऊन तिकडंच शेंगा आणायला जायचं होतं. गाडीच्या मालकाला, शेठला विचारून त्यांनी मंडळींना गाडीत घेतलं. बायका मागं सतरंजीवर बसल्या. होणाऱ्या विहीणबाई आणि त्यांना पोचवायला निघालेली मी मात्र पुढं, तात्यांच्या शेजारी. कडक ऊन, कोरडी खडीची सडक. मी कधी नव्हे ती अशी मिरवत होते की काय सांगू! आमच्या भावजींची गाडी चारी पायांनी चालते म्हणाले.

विहीणबाई म्हणाल्या, "व्हय? पुढची चाकं बी ओढत्यात? मला तर काय दिसंना."

"दाखवा की हो भावजी," मी म्हणाले.

"हितं न्हाय, वहिनी. हितं कोरडं हाय. पावसाळ्यात या, तवा दाखवतो."

विहीणबाई पदराआड हसल्या. ते हसणं मला लागलं. वाटलं, ही बाई घरी जाऊन सांगणार, नुसत्या थापा मारणारी माणसं आहेत. मी म्हणाले, "अहो, बसऱ्याला मोटार हाकली का उंट? बायकांपुढं एवढा एक दांडा ढकलायला होईना!"

तात्यांचे कान लाल झाले. त्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं, गाडी थांबवली आणि दांडा टाकला. शंभर पावलं नीट गेलो. विहीणबाई "लई छान, लई छान" म्हणतायत तोच वळण आलं, आणि पायाखाली कडाड करून आवाज झाला... वाळकं खोड मोडल्यासारखा. तात्या उतरले, गाडीखाली शिरले, वर आले तेव्हा तोंडावर धूळ होती. म्हणाले, "पुडची चाकं गेली. मागल्यांवर जाऊ हळूहळू."

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आमच्या दारात आले. मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होते. शेठ म्हणाले, "तात्या, तुझ्यासारख्या माणसानं कोरड्यात दांडा कसा टाकला?" तात्यांनी दाराकडं बघितलं. माझी बांगडी वाजली असेल. मग ते म्हणाले, "चुकून हात गेला, शेठ."

तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. पण होकार यायचा होता ना! मुलीची आई अशी तिखट जिभेची, हे विहीणबाईंनी ऐकलंच होतं, पण अक्कलकोटला सगळ्यांना कळलं तर काय, असं मनाला समजावलं. लग्न झालं की सांगू म्हटलं. शेठनी तात्यांना काढलं. चार दिवसांनी होकार आला.

आणि लग्नात मी काय केलं, ते ऐका. पंगतीत व्याह्यांनी विचारलं, "अहो, ती चारी पायांची गाडी कुठं हाय?" मी वाढता वाढता मोठ्यांदा म्हणाले, "आमच्या भावजींनी मोडली की! बसऱ्याला उंट हाकत होते, मोटारीचं काय कळतंय त्यांना?" सारी पंगत हसली. एकट्या विहीणबाईंनी मान खाली घातली. तात्या जिलबी वाढत होते, तेही हसले. त्या पंगतीत एक गृहस्थ होते, ते नवी मोटार सर्व्हिस काढत होते आणि तात्यांना ठेवणार होते. त्यांनी दुसरा माणूस ठेवला. मग कुणीच ठेवलं नाही. सोलापुरातला पहिल्या प्रतीचा ड्रायव्हर पंधरा वर्षं गिरणीत कापसाच्या गाठी उचलत राहिला, आणि आमच्या घरात कुणाच्या हातून पेला फुटला तरी पोरं म्हणायची, "तात्या झाला, तात्या!" मी ऐकत होते. कधी कधी हसतही होते.

मी घाबरत होते म्हणावं, तर तसंही नाही. पहिलं वर्ष घाबरले. नंतर सोयीचं झालं, एवढंच. एका संक्रांतीला मी त्यांना म्हणाले होते, "भावजी, ते गाडीचं..." ते म्हणाले, "वहिनी, तिळगूळ द्या." मला तेवढं निमित्त पुरलं.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या बायकोला, माझ्या धाकट्या जावेला, सरूला सारं सांगितलं. वाटलं होतं, त्यांनी तिला कधीच सांगितलं असेल. नव्हतं सांगितलं. सरू म्हणाली, "अक्का, मी त्यांना पंधरा वर्षं बोलत आले. घरात काई कमी पडलं की म्हणायची, एक दांडा सांबाळता आला न्हाय तुमाला. ते गप जेवायचे... मी त्यांना का बोलले ओ अक्का?"

मी उठून घरी आले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी जाते, बसते, ती चहा पुढं ठेवते, आणि मी उठते. माझ्याकडून ऐकायला तिला आता काही उरलेलं नाही.

म्हणून तुम्हांला बोलावते. तुम्ही हसला होता ना, आता तुम्हीच या. गिरणीच्या चाळीत शेवटची खोली. तात्या दर शनिवारी दाराच्या बिजागऱ्यांना एरंडेल घालायचे, त्यामुळं ते दार अजून वाजत नाही. सरूला कोण आलं ते कळत नाही, दचकते बिचारी. बाहेरून हाक मारून आत जा. तिच्यासमोर नीट बसा. आणि गाडी कुणी मोडली, ते तिच्यासमोर, माझं नाव घेऊन म्हणा. एकेकट्यानं म्हणा, सगळ्यांनी म्हणा. माझ्या घरी नंतर आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल. पण तिच्याकडं या, लवकर या.