दोन वाट्या डाळ आणि दुपारची झोप

धाकट्या दिराचा मुलगा दीड वर्षाचा झाला तेव्हापासून दुपारी माझ्याकडेच असायचा. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत एकाच घरात आम्ही खाली, ते वर. दीर आणि जाऊ दोघंही नोकरीवर जायचे, मला मूलबाळ नाही. कोणी ठरवलं असं नाही, आपोआप झालं. तो मला मोठीआई म्हणायचा. आमच्याकडे थोरल्या काकूला तसंच म्हणतात, पण त्यातली आई मी जरा जास्तच मनावर घेतली.

पोरगं गोड, पण दुपारच्या झोपेच्या नावानं बोंब. मांडीवर थोपटलं की पाठ ताठ करायचा. मोबाईलवर अंगाई लावली की उठून नाचायचा. एकदा वैतागून मी त्याला सतरंजीवर सोडलं आणि वर्षाची तूरडाळ पाखडायला बसले. रडायचं तर रड म्हटलं. डाळ दोनदा उडवायची, मग सुपाच्या काठावर एक चापट. सळ्ळ, सळ्ळ, टप. हातासोबत तोंड चालवायची मला खोड, म्हणून गुणगुणत होते, ‘कोंडा जा रे, दाणा ये रे.’ पाच मिनिटांनी पाहते तर साहेब माझ्या गुडघ्याला डोकं लावून गाढ झोपलेले.

मग ते रोजचंच झालं. घरात रोज पाखडायला डाळ कुठून येणार? आणि रिकामं सूप हलवायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त माझ्या अंगात मुरलेली. म्हणून दोन वाट्या डाळ वेगळ्या डब्यात काढून ठेवली आणि तीच स्वच्छ डाळ वर्षभर पाखडत राहिले. यजमान हसायचे, “काऊन व, पीठच करतं का आता तिचं?”

“हळू बोला, उठन तो,” मी डोळे वटारायचे.

त्याचा श्वास लांब होऊ लागला की मी हात संथ करायचे. मग चापट बंद, मग गुणगुणणं बंद, शेवटी नुसती सळसळ. एवढं मोलाचं काम या हातांनी दुसरं कुठलं केलं नाही, असं मला खरंच वाटायचं.

जावेची बदली पुण्याला झाली. सामान गेलं, ते गेले. जाऊ तिकडे पहिला महिना सुट्टीवर होती. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे पोराचं रडणं.

“ताई, हा झोपूनच नाई राह्यला. तुमचं सूप वाजवता का जरा?”

मी ताटावरून उठले. फोन पाटाला टेकवून सूप हातात घेतलं. तो झोपला. त्यानंतर रोज एक वाजता फोन यायचा आणि मी बारालाच जेवून, हात धुऊन तयार बसायचे. एका तासासाठी तो पुन्हा माझा असायचा.

आणि मग शहाणपणा मलाच सुचला. जावेची सुट्टी संपत आली होती, पोराला सांभाळायला बाई ठेवली होती. मीच म्हटलं, “रोज कशाले फोन करत बसता? मी आवाज भरून पाठवतो ना. तुमची बाई लावून देईन.” मी पंखा बंद केला, दार लावलं आणि घामानं निथळत वीस मिनिटं सूप वाजवलं. जावेनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी कोणाला दोष देऊ? एवढी नीट केलेली ती फीत माझीच.

दिवाळीला ते आले. पोरगा आता तीन वर्षांचा, उंच झालेला. दुपारी मी तोच डबा काढला, सूप घेतलं आणि आतल्या खोलीत गेले. तो पलंगावर होता. उशीशी फोन, फोनमध्ये मी. सळ्ळ, सळ्ळ, टप. माझ्या बांगड्यासुद्धा वाजत होत्या. मी हसतच खाली बसले आणि त्या आवाजाला माझा आवाज जोडला.

त्यानं डोळे उघडले. कपाळाला आठ्या घातल्या.

“मोठीआई, आवाज नको ना करू. मला माझं गाणं ऐकू येत नाही.”

मी सूप मांडीवर ठेवलं. तो झोपेपर्यंत तिथेच बसून राहिले. तो कूस बदलून फोनच्या बाजूला वळला. मला खूप रडू आलं, पण आवाज नको होता.

संध्याकाळी ती दोन वाट्या डाळ मी शिजायला घातली. जुनी झाली होती, शिजायला वेळ लागला. सूप खुंटीला टांगलं. पोरानं दोनदा वरण मागून घेतलं. मी वाढलं. माझ्या ताटात मात्र घेता आलं नाही.