चोवीस तास घाटाखाली

पाण्याखाली जाणाऱ्या माणसाच्या मनगटावर एक घड्याळ असतं, त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. किती खोल गेलात, वर येऊन किती वेळ बसायचं आणि मग पुन्हा कधी उतरायचं, हे ते सांगतं. मालवणच्या बाजूला पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवायचं काम मी सहा वर्षं केलं, पण त्याच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही. एकदाच गेलो, तेही समुद्रात नाही, महाडजवळच्या दगडखाणीत. ते मला अजून पचलेलं नाही.

तेव्हा मी पोलादपूरला घरी आलो होतो. खाणीतल्या साठलेल्या पाण्यात एक माणूस बुडाला. माझ्याकडे हवेचे सिलिंडर आहेत हे सगळ्या तालुक्याला माहीत, त्यामुळे सकाळी अकराला माणसं दारात हजर. खाण साठ-सत्तर फूट खोल, पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसेना. पहिल्या बुडीत काही लागलं नाही. वर येऊन घड्याळावर पुढची बुडी मांडून पाहिली. लगेच उतरलो तर तळाशी जेमतेम बारा मिनिटं, दीड तास थांबलो तर त्याच्या दुप्पट. खोल पाण्यात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. सोड्याची बाटली घाईनं उघडली की फसफसते, तसं रक्ताचं होतं. म्हणून बसायचं. आमच्या धंद्यात बसणं हेच अर्धं काम.

पण काठावर बुडालेल्याची बायको उभी होती. ती रडत नव्हती. मी दगडावर बसून चहा पितोय, एवढंच ती बघत होती. "दमलास का रे भाऊ?" म्हणाली. तिला मी काय कपाळ समजावणार? अर्ध्या तासातच उठलो. दुसरी बुडी फुकट गेली. तिसऱ्या वेळी तर वीस मिनिटंही थांबलो नाही. तळाशी वेळ संपत आला, घड्याळ ओरडायला लागलं आणि तेवढ्यात बोटांना शर्टाची बाही लागली. सोडून वर कसा येणार? माणूस घेऊनच आलो, वाटेत दोरीला धरून थांबावं लागलं तेवढा थांबलो. तो मिळाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घड्याळावर विमानाच्या चित्रावर फुली आणि चोवीस तास, म्हणजे तोवर उंचावर जायचं नाही.

अंगावरचा सूट उतरवतोय तोच दादाचा फोन. दादा नोकरीनिमित्त साताऱ्याला, आई त्याच्याकडेच असायची. "आईला अटॅक आलाय. डॉक्टर काय धड सांगत नाय. असशील तसा नीघ."

पोलादपूरहून सातारा म्हणजे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, साडेचार हजार फूट. दुसऱ्या कुठल्याही वाटेनं गेलं तरी सह्याद्री चढायचाच. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे बाटलीचं बूच उघडलंच. माझा एक जोडीदार असाच बुड्या मारून संध्याकाळी आंबोली चढला होता. त्याचे पाय गेले ते गेलेच.

काका जीप घेऊन आले. मी त्यांना घड्याळ दाखवलं. त्यांनी ते निरखून पाहिलं. "अरे, ह्याच्यावर विमान हाय. आपण जीपनं जातोय. विमानात कोण बसतंय?" चेष्टा नव्हती. खरंच पटवत होते मला. मी रक्त, बुडबुडे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी आई हाय ती."

पाचला मी जीपमध्ये बसलो. चार वळणं चढलो आणि डावं कोपर दुखायला लागलं. बुडबुडे आधी सांध्यांनाच धरतात. ते खरं दुखत होतं की भीतीनं, देव जाणे. मी म्हटलं, "काका, गाडी वळवा." त्यांनी वळवली.

त्या बाईला तिचा माणूस मिळाला, म्हणून मला पस्तावा नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. खोटं कशाला बोलू? दीड-दीड तास बसलो असतो तर तो दुसऱ्या बुडीतही सापडला असता, कदाचित, आणि घड्याळानं चोवीसच्या जागी बाराच तास सांगितले असते. मेलेल्या माणसाला कसली घाई होती? घाई मला होती, चार लोकांत आळशी दिसू नये म्हणून. रात्रभर मी दादाला फोन करत राहिलो आणि प्रत्येक वेळी तेच सांगत राहिलो, की मला वर चढता येत नाही.

सकाळी नऊला आई गेली. माझे पाच तास उरले होते.

दुपारी तिला घेऊन सगळे तोच घाट उतरून आले. दादा गाडीतून उतरला, माझ्याकडे न बघता टोपी नीट करत राहिला. मी विचारलं, काही बोलली का.

"दर तासाला विचारी, धाकटा कुठं पोचला. मी सांगे, घाटात हाय, येतोय."

"मग?"

"पहाटे म्हणाली, यवढा कधीपासून लांब झाला रे आपला घाट?"