डॉक्टरांनी पळू नको म्हटलं नव्हतं

मुलगी पाचवीत असतानाची गोष्ट. खो-खो खेळून आली की तिची छाती वाजायची, बारीक शीळ घातल्यासारखी. मी तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं, पळवून आणलं, परत फुंकायला लावलं. मग तिला बाहेर बसवून मला म्हणाले की दमा आहे, पण खेळ बंद करू नका. खेळायच्या पंधरा मिनिटं आधी पंप घ्यायचा, आधी थोडं हळू पळायचं, मग खुशाल खेळू दे. पंप दप्तरात असू दे.

घरी येऊन मी सांगितलं, डॉक्टरांनी पळायला बंदी केलीय.

गावच्या मैदानात, सगळ्यांदेखत तिनं पंप तोंडाला लावायचा, हे मला सोसणारं नव्हतं. बहिणीनं बजावलंच होतं, "पंपाची सवय लागली का सुटत नाय रं. उद्या पोरीला कोण करून घेईल?" पोर तेव्हा दहा वर्षांची. पंप मी देव्हाऱ्यामागं ठेवला. फारच धाप लागली तर दार लावून द्यायचा.

शाळेत खेळायच्या ऐवजी तिच्या हाती पंचाची शिट्टी आली. घरी आल्यावर कोण कशी बाद झाली ते सांगताना ती खांबाभोवती वळून दाखवायची. मी म्हणायचो, "बास गं, दम लागंल." बसून बसून तिचा दम आणखीच कमी झाला. चढाव चढली तरी धापा टाकायची, आणि मला वाटायचं, बघा, माझंच बरोबर होतं.

आता ती नेरळला शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत जेवताना सांगत होती, वर्गातल्या एका मुलीला दमा आहे. आई म्हणते पंप दिलाय, खेळू द्या. पण हिनं तिला खेळातून उठवलं आणि शिट्टी दिली.

"मला माहितीय ना, बाबा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

मी घास ताटात ठेवला.

"त्यांनी पळू नको म्हटलं नव्हतं गं," मी म्हणालो. "ते मी म्हटलं होतं."

तिनं आईकडे पाहून विचारलं, तुला माहीत होतं का. तिची आई नाही म्हणाली, आणि वाढायची थांबली.

मुलगी हात धुऊन अंगणात गेली. तिनं त्या मुलीच्या आईला फोन लावला. सुट्टी संपली की खेळू दे तिला, चूक माझीच झाली, असं ती दोनदा म्हणाली. मी ताटावर बसून ऐकत होतो.